बेचाळीस फेरे

पहाटे साडेचारला पार्कसाइटच्या चढावर
मी झाकण उचलतो, लोखंडी चावी आत सोडतो.
आज केतकी सोबत आहे, मोबाइलचा टॉर्च धरून.
चार रात्री झोपलेली नाही.
तिची आई म्हणाली, न्या तिला, वारं तरी लागेल.

एक. दोन. तीन.
बेचाळीस फेरे फिरवले की वरच्या चाळींना पाणी.
"म्हणजे चौऱ्यांशीच्या निम्मे," ती म्हणते,
हसत नाही.

मग सुरू करते. करणार, हे मला ठाऊक होतं.
"पप्पा, त्याच्या मर्जीशिवाय पानही हलत नाही ना?"
असं म्हणतात खरं.
"पान राहू दे. वायर?"

प्रज्योत. आठ वर्षांचा. तिच्या वर्गातल्या रुचिताचा भाऊ.
चेंडू अकरा नंबरच्या खांबाकडे गेला,
तो चेंडूमागे गेला, ओल्यात, अनवाणी.
एवढंच.
गळ्यात ताईत होता.

"रुचिताचे काका म्हणाले, मागच्या जन्मीचं काहीतरी.
काय केलं असेल हो त्याने मागच्या जन्मी?
ह्या जन्मी तर सातचा पाढा येत नव्हता त्याला."

अकरा. बारा.
सांगण्यासारखं होतं माझ्याकडे थोडंफार,
वडिलांनी पाटावर बसवून दिलेलं:
देव परीक्षा बघतो. आवडतो तोच देवाला आधी आवडतो.
ओठांपर्यंत आणलं, आणि एकेक वाक्य
त्या पोराच्या आईसमोर उभं करून पाहिलं.
एकही उभं राहिना.

"त्याला माहीत होतं का, पप्पा? आधीपासून?"

सतरा. अठरा. की एकोणीस.
हात थांबला.
म्हटलं, त्याचं मला माहीत नाही.
मला माहीत होतं.

ते ओलं माझ्या लाइनीचं.
रजिस्टरमध्ये लिहिलंय, खांब अकराजवळ गळती,
नऊ तारखेला, परत सोळाला, खाली माझी सही.
साहेब म्हणाले, कंत्राटदाराला कळवलंय.
विजेवाले म्हणाले, आधी तुमचं पाणी बंद करा.
बंद केलं असतं तर सहाशे घरांनी माझी आई काढली असती.
त्या दिवशीही उघडलं, ह्याच हातांनी,
उघडण्याआधी चावीला नमस्कार केला, रोजच्यासारखा.

टॉर्च हलला.
माझ्या तोंडावर नाही आणला तिने,
खाली खड्ड्यातल्या गंजावरच धरून ठेवला.
एक कुत्रं आलं, आम्हाला हुंगून गेलं.

"मग तुम्ही देवासारखेच," ती म्हणाली.
"माहीत असून."
राग होता की कीव, अंधारात कळेना.

म्हटलं, त्याचं त्याला विचार.
मी विचारतो रोज, दिवा लावताना, भांडतोच म्हण ना.
उत्तर येत नाही.
दिवा लावणंही सोडवत नाही.
"भांडता?"
हो.
"मला वाटायचं, काहीतरी मागता."

उरलेले फेरे तिने फिरवले, दोन्ही हातांनी, लोंबकळत.
किती झाले ते आम्ही दोघांनीही मोजलं नाही.
पाइपात आधी हवा घरघरली, म्हाताऱ्याच्या छातीसारखी,
मग वर कुठेतरी पहिली बादली वाजली
आणि कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, ऊठ, आलं.

उतरताना खांब लागला.
कोणीतरी झेंडूचा हार घातलाय. नारळ. कुंकू.
उघड्या वायरीवर निळी टेप.
"आता ह्याच्याही पाया पडायचं," म्हणाली,
पण हाराला हात लावला नाही.
उकिडवी बसली, जमिनीजवळ टॉर्च नेला.
ओल अजून होती.

"रजिस्टर कुठे असतं?"
चौकीत.
"त्या दोन पानांचे फोटो हवेत मला."
केतू, नोकरी जाईल माझी.

ती काही बोलली नाही,
चौकीच्या रस्त्याला वळली, वळून न बघता.
कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.